रुळांजवळची पाटी

प्रौढांच्या वर्गात नुकतंच वाचायला शिकलेल्या ज्ञानूनं कवठे महांकाळच्या बाजाराला निघालेली बैलगाडी रुळांच्या अलीकडं थांबवली आणि पाटी वाचली : 'थांबा. आगगाडी पाहा. मग पुढे जा.'

नातवाला मांडीवर घेतलेली त्याची बायको हरणाबाई रूळ बघूनच गार पडली होती.

"आवं, गाडी न्हाई, तवर चला की."

"दिसल्याबिगर कसं जायचं? सरकारनं लिवलंय."

तासाभरानं शिट्टी वाजली, वळणावर धूर दिसला.

"दिसली," म्हणत ज्ञानूनं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या.

इंजिनाचा वारा हरणाबाईच्या पाठीला लागला. पलीकडं पोचल्यावर ती म्हणाली, "येताना मी चालत येते."

"चालत ये, न्हाईतर पळत ये," ज्ञानू म्हणाला, "पाटी ह्या अंगालाबी हाय."