गच्चीवरचं पाणी

“कुठल्या गडावर चाललाय, ताई?” ट्रेकिंगच्या दुकानातल्या माणसानं विचारलं.

“गडावर नाही हो, गच्चीवर. नदी घरात शिरली की आम्ही तिथंच असतो.”

त्यानं पेनाएवढी फिल्टरची नळी पुढं केली. एक टोक गढूळ पाण्यात बुडवायचं, दुसरं तोंडात धरून ओढायचं. ती बघूनच माझं डोकं सणकलं. गेल्या पुरात आमच्याकडं हीच होती. सात माणसं, एक नळी. “मी कुणाच्या उष्ट्याला तोंड लावणार नाही,” म्हणत सासूबाई दोन दिवस तशाच बसल्या. शेवटी बोटीत त्यांना उचलून घालावं लागलं. वर्षभर त्या सोवळ्याला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या.

“तोंड न लावता पिता येईल असं दाखवा. लवकर!” तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला, पाणी वाढतंय, निघ. मी टांगायची पिशवी घेतली. वरून गढूळ पाणी ओतायचं, खाली भांड्यात स्वच्छ पडतं.

घरी आल्याआल्या ती खुंटीला अडकवली. एक पेला भरायला किती वेळ! निम्मा मीच पिऊन पाहिला. तोच सासूबाईंनी माझ्या हातातून पेला घेतला आणि ओठ लावून संपवला.

“अहो, तो माझा उष्टा होता!” मी म्हणाले.

“बोळक्या तोंडानं ती नळी ओढलीच जाईना गं,” त्या म्हणाल्या. “तसं सांगितलं असतं, तर तुमच्यातल्या कुणाच्या घशाखाली पाणी उतरलं असतं?”