तुलनेचा तारा

“आई, तू फक्त गाडीत बस. बाकीचं मी बघते,” रश्मी म्हणाली आणि आईच्या हातातली पिशवी तिनं जवळजवळ ओढूनच घेतली.

विमलाबाई अंगणातून हलल्या नाहीत. “मी नाही येत पुन्याले. यांले कोन पाहीन?”

“बाबांचं बाबा बघतील. प्रश्न तुझा आहे.”

रश्मीचे बाबा, परसराम गुरुजी, दारापुढच्या छपरीत खुर्चीवर पेपर वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. गाडीवाल्या भुपेंद्रनं डिकी उघडून ठेवली होती आणि नागपूरहून सुटणारी ट्रेन काही आसगावच्या माणसांसाठी थांबणार नव्हती.

रश्मी पुण्यातल्या एका संस्थेत तारे बघते. तेही साधेसुधे नाहीत, रूपविकारी. म्हणजे ज्यांचा उजेड कमी-जास्त होतो असे. तिची उमेदीची सगळी वर्षं एका जोडताऱ्यावर खर्च झाली होती. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, एक दुसऱ्याच्या आड आला की उजेड उतरतो. हा उतार मोजायची रीत सोपी. शेजारचा एक स्थिर तारा धरायचा आणि आपला तारा त्याच्याशी ताडून पाहायचा. तुलनेचा तारा पक्का असला की काम पक्कं.

घरातही तिनं हीच रीत लावली होती. आईचा काही नेम नाही, क्षणात हसेल, क्षणात रुसेल. बाबा मात्र जिथल्या तिथं. शाळेतून निवृत्त झाले तरी गावातल्या हरेक पोराचं नाव त्यांना बापाच्या नावासकट पाठ. फोनवरही कधी बदल नाही. आई फोन उचलायची, “रश्मी बोलून राहिली, तुमची रश्मी!” असं मोठ्यानं सांगून त्यांच्या हातात द्यायची. मग बाबांचा ठरलेला प्रश्न यायचा, “काय बेटा, तुहा तारा अंधारला का?” दर वेळी तोच, त्याच शब्दांत. तेवढं ऐकलं की रश्मीला बरं वाटायचं.

आईचं हे विसराळूपणाचं दुखणंही बाबांनीच कळवलं. “तुही माय भुलून राहिली. गॅस चालूच ठेवला काल. भाजीत दोनदा मीठ टाकलं.” मग लाखांदूरची भानगड झाली. आई कुणाला न सांगता एसटीत बसून निघून गेली म्हणे, आणि बाबा तिच्या मागं धावले. शेजारच्या केवळरामला दोघं तिथल्या स्टँडवर दिसले. आईनं बाबांचा हात घट्ट धरला होता. त्यानंच त्यांना घरी आणलं. रश्मीनं विचारलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, “हो ना, माह्याच हातून झालं.”

काल आल्यापासून रश्मी आईवर नजर ठेवून होती, आणि दिसलं ते तिला बघवेना. आई बाबांना घटकाभर सोडत नव्हती. ते धानाच्या बांधीकडे निघाले की ही लगेच चपला शोधायला लागायची. आणि ती नावं! दारात कुणी आलं की आईचा पुकारा सुरू. “केवळराम आला हो, शेजारचा!” “हा भुपेंद्र, गाडीवाला!” रश्मी मोरीतून बाहेर आली तरी, “रश्मी आली पहा, तुमची पोरगी!” आपल्याला विसर पडू नये म्हणून बिचारी नावं घोकते आहे, हे लक्षात आलं तेव्हा रश्मीला रडू आलं.

त्यातच सकाळी मेल आली. तिचा शोधनिबंध तपासणाऱ्यानं एकच खोचक प्रश्न विचारला होता: तुलनेचा तारा खरोखर स्थिर आहे, याची आपण खात्री करून घेतली आहे काय? रश्मीचं डोकंच फिरलं. इतकी वर्षं ज्याच्या भरवशावर काढली, त्याच्यावर आता संशय घ्यायचा? तिनं मोबाइल पर्समध्ये कोंबला आणि आईचे कपडे भरायला घेतले.

“काहून ऐकून नाही राहिली तू?” चिडली की रश्मीच्या तोंडी गावची बोली यायची. “तिथं चांगले डॉक्टर आहेत.”

“मले काही नाही झालं.”

“असं सगळेच म्हणतात, आई.”

“जाय ना,” गुरुजी छपरीतून म्हणाले. “मी राहतो एकटा. मले काय धाड भरली?”

“ऐकलंस?” रश्मी म्हणाली.

विमलाबाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांना कुंपणापाशी उभा असलेला केवळराम दिसला. तो गुरुजींच्या हाताखाली शिकला होता आणि अजूनही त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नसे. विमलाबाईंनी शब्द गिळला, पदर सावरला आणि मुकाट्यानं गाडीत जाऊन बसल्या. रश्मीला हायसं वाटलं.

“तुही पर्स राह्यली छपरीत,” गाडीतून आई म्हणाली.

“आणते.”

“जराशी बस यांच्यापाशी. एकटीच जाय. मी नाव नाही पुकारत.” आईनं काच वर केली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

रश्मी छपरीच्या पायऱ्या चढली. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि चष्म्यातून तिच्याकडे नीट पाहिलं. मग ते खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले आणि त्यांनी तिला नमस्कार केला.

“या मॅडम, बसा. ही पर्स तुमचीच का? घरचे बाहेर गेलेत जरा, पन तुमी थांबा. माही पोरगी येऊनच राहिली पुन्याहून. रश्मी नाव आहे तिचं, थे तारे पाह्यते.”