बोंबीलची एकच संधी

पाण्याच्या दोन बाटल्या, लिटर-लिटरच्या. तेजलने त्या काट्यावर ठेवून पाहिल्या आणि वहीत खूण केली. बोंबीलचं वजन चौदा किलो. एरवी त्याला दिवसाला लिटरभर पाणी पुरायचं, पण उद्या काळदुर्गाचा चढ होता, म्हणून दुप्पट. मग घडीचं भांडं, गोचीड काढायचा चिमटा, पंजाला लागलंच तर पट्टी आणि जुने सुती मोजे, दहा मीटर दोरी, लसीचं कार्ड. त्या बाजूला बिबट्या फिरतो, म्हणून गळपट्ट्याला घुंगरू. बिनमिठाचा चिकनभात सगळ्यात वर.

सुकी मासळी मात्र तिने मुद्दाम घेतली नाही. दांडीच्या किनाऱ्यावर हे पिल्लू तिला सापडलं तेच वाळत घातलेले बोंबील चोरताना. नाव तिथेच पडलं. खोडही तिथलीच.

"शिकारीला चाललीस की सासरी?" घरमालक बन्सीकाकांनी दारातून विचारलं. चेष्टेत होते, पण त्यांचं म्हणणं जुनंच होतं. कुंभवलीतल्या त्यांच्या चाळीत बिनकामाचं कुत्रं राहणार नाही. कामाचं असेल तर दाखव, नाहीतर महिनाअखेर दांडीला सोडून ये.

काम म्हणजे पालघरचं शोधपथक. डोंगरात हरवलेल्यांना शोधणारे हौशी लोक. त्यांना या वर्षी एक कुत्रा हवा होता. परीक्षा सोपी होती. एक माणूस डोंगरात लपणार. कुत्र्याने त्याच्या अंगावरच्या कपड्याचा वास घ्यायचा, माग काढायचा आणि माणूस सापडला की त्याच्यासमोर मुकाट बसायचं. आठ महिने तेजल रोज पहाटे बोंबीलला एवढंच शिकवत होती.

लपायला वाघोबा खिंडीखालच्या पाड्यावरचा भिका तयार झाला होता. आता सगळं त्याच्या डोक्याच्या फडक्यावर होतं. तेजल औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करायची. नमुना घेतानाच बिघडला तर पुढचं कोणतंही यंत्र तो दुरुस्त करत नाही, हे ती जाणून होती. दोन दिवस वापरलेला, न धुतलेला फडका, असं तिने भिकाला फोनवर तीनदा सांगितलं होतं.

तो आणायला ती आज दुपारी पाड्यावर गेली तेव्हा भिका लाकडांना गेला होता. त्याची बायको ठमी डोक्यावरचा गवताचा भारा नुकताच अंगणात टाकत होती. तेजलने तिलाही सगळं नीट समजावलं. माणसाच्या अंगाचा वास कपड्यात उतरतो, कपडा जितका मळका तितका चांगला, उद्या पथकाच्या विक्रमसरांसमोर तो उघडायचा आहे.

ठमी खाली बघत ऐकत होती. "सायबबी हातात घेनार?"

"बघतील ना."

ठमी आत गेली. बराच वेळ लागला तिला. केस सावरत बाहेर आली तेव्हा हातात चौपदरी घडी केलेला फडका होता.

"भिकाकाकांचाच ना, मावशी?"

"घरातलाच हाय, बाय."

तेजलने हातमोजे घातले, चिमट्याने फडका उचलला, दोन पिशव्यांत बंद केला आणि वर वेळ लिहिली. तीन चाळीस. पिशवीवरूनही फडका कोमट लागत होता. तेही तिने लिहिलं, पुढे कंसात 'ऊन'.

रविवारी सकाळी आठला विक्रमसर पाड्याच्या तोंडाशी मोटरसायकलवर बसलेलेच होते. पथकाचे ते प्रमुख. त्यांनी आधी तेजलच्या पाठीवरची पिशवी पाहिली, मग बोंबीलच्या बरगड्या. गावठी कुत्रं खाण्याच्या मागे जातं, माणसाच्या नाही, असं त्यांचं मत होतं. संधी एकच, पुढची पुढच्या वर्षी, हेही त्यांनी सांगून टाकलं. भिका सहालाच डोंगर चढून गेला होता.

तेजलने फडक्याची पिशवी उघडली. बोंबीलने नाक आत घातलं, सोडलं, पुन्हा घातलं.

"शोध."

डोंगराची वाट डावीकडे होती. बोंबीलने तिकडे पाहिलंही नाही. दोन गिरक्या घेऊन तो उजवीकडे वळला. नाक जमिनीला, दोरी ताणलेली. झोपड्यांच्या मागून, खाचराच्या बांधावरून, कोरडा ओहोळ ओलांडून तो चार मिनिटांत गवताच्या रानात पोचला. तिथे ठमी विळा घेऊन कापत होती. शेजारी भाकरीचं गाठोडं. भाजलेल्या सुक्या मासळीचा वास तेजललासुद्धा आला.

बोंबील ठमीसमोर गेला आणि बसला. मुकाट, कान ताठ करून.

ठमीने मनगटाने कपाळाचा घाम पुसला आणि गोंधळून सगळ्यांकडे पाहिलं.

विक्रमसर हसले. "नावाला जागला," म्हणाले आणि गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी 'नापास' असा शेरा लिहिला. तेजलला सांगायचं होतं, त्याने गाठोड्याकडे बघितलं नाही, तो तिच्या तोंडाकडे बघत होता. पण हे फक्त निरीक्षण होतं, पुरावा नव्हता. तिने सही केली. सर निघून गेले.

भिकाला तिने फोन लावला. "सापडलो का मी?" त्याने वरून विचारलं. तिने फक्त खाली या म्हटलं.

मग ती पिशवी आवरायला बसली. बाटल्या भरलेल्याच होत्या. पट्टी, मोजे, चिमटा, कशालाच हात लागला नव्हता. बोंबील अजून तिथेच बसून होता, शाबासकीची वाट बघत. घरी बन्सीकाका दारातच उभे असणार होते. शेवटी फडका राहिला. तो तिने ठमीला परत दिला.

ठमीने हात लुगड्याला पुसून तो घेतला. भिका यायच्या आत सांगून टाकावं तशी ती हळूच म्हणाली, "त्याचा फडका लय वास मारत होता, बाय. तसला सायबाच्या हाती कसा देऊ?" आणि फडका झटकून तिने नेहमीसारखा आपल्या डोक्याला बांधला.