कणगीतली जोडी

"एक," सत्यभामा म्हणाली.

पंडितनं जीपचं मागचं चाक आणखी रेटलं. जॅकवर एकच चाक उचललेलं होतं. ते दोनदा फिरवायचं आणि एक फेरा धरायचा, हे त्यानं तिला आधीच समजावलं होतं. जीपच्या पोटाखाली लांबडा दांडा गरगरत होता. खडू सापडेना म्हणून तिनं त्या दांड्यावर कुंकवाचं बोट ओढलं होतं. ते बोट वर आलं की मोजायचं.

"दोन… तीन… चार. आन् वर थोडं."

"बघ!" पंडितचा चेहरा फुलला. "चाकाच्या एका फेऱ्याला दांड्याचे निस्ते चार. जुन्या जोडीत पाच आन् वर तिसरा हिस्सा लागायचा. म्हणून तर आता हरणी पळती."

हरणी म्हणजे जीप. लग्नाच्या दिवशी नवरानवरीला घेऊन येताना शिरूरच्या पुढं एका एस्टीनं तिला मागं टाकलं होतं, आणि एस्टीतली माणसं खिडक्यांतून हात हलवत गेली होती. सत्यभामा तेव्हा हसली होती. पंडित ते विसरला नव्हता. अखेर केजच्या मिस्त्रीकडून त्यानं ही पळती दातेरी जोडी आणली आणि मागच्या आखात बसवली.

काल दूध संघाच्या पहिल्या खेपेला तो अर्धा तास आधी पोचला. आश्रुबा टेस्टरनं झाकण उघडलं, आत बघितलं, मग पंडितच्या तोंडाकडं बघितलं. दुधावर लोण्याचे गोळे तरंगत होते. सगळे कॅन परत.

उद्या दुसरी खेप. जमली तर वाडीचं दूध वर्षभर हरणीतून. नाही जमली तर ऊसतोडीचा मुकादम येऊन नवराबायकोचा एक कोयता लिहून घेणार, आणि सात महिन्यांची लेक उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत थंडी काढणार.

"कॅनखाली गोणपाट टाकतो," पंडित म्हणाला. "वरून सोल बांधून आवळतो. मग कसं हालतंय दूध!"

सत्यभामानं लेकीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "एक इचारू का? ताक करताना डेरा किती भरतेत?"

"मला काय ठाव? आर्धा."

"पुरा कावून न्हाई भरत?"

"पुरा भरल्यावर दही हालंल कुटं…" बोलता बोलता तो थांबला.

पाऊस नव्हता, चारा नव्हता, म्हशी आटत चालल्या होत्या. घराघराचा कॅन वेगळा, आणि वाडीचा एकही कॅन अर्ध्याच्या वर भरत नव्हता.

"काल तुमी जीप न्हाई चालवली," ती म्हणाली. "आठ कोस डेरा घुसळला."

"मग हळू चालवतो की."

"हळू चालती का ही?"

खोटं बोलायचं त्याच्या तोंडावर आलं होतं, पण आईच्या कडेवरून लेक त्याच्याकडंच बघत होती. "न्हाई," तो म्हणाला. "हळू घेतली की आचके देती. घाट चढवायचा तर खालून पळतच आणावं लागतंय तिला."

"मग पाचाची बसवा."

जुनी जोडी रॉकेलच्या घमेल्यात पडली होती. पंडितनं तिच्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. "वाडी हसंल. हरणीची म्हैस करती व्हय?"

"दूध बी म्हशीचंच हाय."

त्याला हसू फुटलं. राग आणायचा राहूनच गेला. त्यानं पाना उचलला.

दिवेलागणीपर्यंत तो जीपखाली होता. तेवढ्या वेळात लेक रांगत जाऊन ग्रीसच्या डब्यात हात घालून आली, आणि सत्यभामाच्या गालावर पाच काळी बोटं उमटली. तसल्याच तोंडानं ती पुन्हा वाकली आणि कुंकवाचं बोट मोजू लागली. पाच. आन् वर तिसरा हिस्सा.

काढलेली जोडी पंडितनं पुसली, परत पुसली, आणि कुठं ठेवावी ते न कळून तशीच हातात धरून उभा राहिला. सत्यभामानं ती त्याच्याकडून घेतली, लेकीच्या जुन्या दुपट्यात गुंडाळली आणि घरात गेली.

सकाळी ती मागं कॅनांमध्ये बसली, लेक मांडीवर. घाटाच्या पायथ्याला हरणीनं ना धाप टाकली, ना आचका दिला. गाभण म्हशीसारखी संथ वर चढत राहिली.

निम्म्या घाटात मागून एस्टी आली. हॉर्न देत, धूर सोडत, खेटून पुढं गेली. खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "ढकलू का रं?"

पंडितचा पाय खाली दाबला गेला. त्यानं वळून बघितलं. आईच्या मांडीवर, कॅनला डोकं टेकून लेक झोपली होती, तोंड उघडं. त्यानं पाय सैल सोडला.

घाटमाथ्यावर सत्यभामानं एका कॅनचं झाकण उचललं.

"लोणी?" त्यानं समोर बघतच विचारलं.

"न्हाई. साय बी हालली न्हाई."

त्यानं पुढचं वळण घेतलं. मग म्हणाला, "ती जोडी मिस्त्रीला परत देऊन टाकू का?"

"कावून?" ती म्हणाली. "रिकामी कणगी हाय, तिच्यात ठेवलीय. कणगीत दाणे पडायची येळ आली, कॅन गळ्यापतोर भरले, की काढा. मग पळवा किती पळवायची ती. मी बसते पुढं."