पापुद्रा

"माझ्या शब्दकोशात एकही उदाहरण मनानं रचलेलं नाही. माझ्यासमोर कुणीतरी खरंच बोललेलं वाक्यच मी घेतो," असं कोशकार नवरा येईल त्याला अभिमानानं सांगायचा.

प्रुफं तपासायचं काम बायकोकडे. 'निमूट'खाली तिचंच जुनं वाक्य सापडलं, "मामंजींनी मीठ पडलेला चहा निमूट प्यायला", तेव्हा ती एकटीच हसली होती.

आज 'प'ची पानं आली.

'पापुद्रा : सुटून येणारा पातळ थर. उदा. "हळू सोला ना, उन्हानं भाजलेल्या पाठीवरचा पापुद्रा तिळासकट निघतोय."'

तिनं वाक्य दोनदा वाचलं.

"काही चुकलंय का गं?" त्यानं आतून विचारलं.

"नाही. सगळं बरोबर आहे."



पाठीवर तीळ तिला नव्हता. तिच्या धाकट्या बहिणीला होता.