आरतीआधी

सासूबाई उल्काताई कीर्तनाला गेल्या आणि अपेक्षाने त्यांच्या सोवळ्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच अंडी उकडली. उद्या तिच्या खराडीच्या ऑफिसात प्रत्येकाने घरून एक पदार्थ न्यायचा होता आणि ती फोनवर सगळ्यांना सांगून बसली होती, "माझी भरली अंडी खाऊन बघा, वरून कुरकुरीत तळलेली!" सासूबाई आरती घेतल्याशिवाय कधी उठत नसत. तेवढा वेळ पुरे होता.

पण बलकात मोहरी-मिरची कालवून ते सारण ती अंड्यांच्या अर्धुकांत भरायची आणि रव्यात घोळवून तेलात सोडायची, की सारण फुटून तेल तडतडायचं. मध्येच ती खिडक्या उघडायची, उदबत्ती लावायची, जिन्याची चाहूल घ्यायची.

इतक्यात लॅच फिरलं.

"अहो आई! आरती झाली एवढ्यात?"

उल्काताई पदर नाकाला लावून स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या.

"मी टाकून देते हे सगळं, आई. कढईसुद्धा."

"कढईने काय केलंय तुझं? गॅस बारीक कर आधी. नुसत्या पांढऱ्या वाट्या तळून काढ, सारण मागाहून भर. आणि जरा लांब उभी राहा."

अपेक्षाने गॅस बारीक केला. "आई, तुम्हाला हे चालतं?"

"चालत नाही. तू फोनवर तळलेल्या अंड्यांचं बोललीस ते ऐकलं, म्हणून तर आज मुद्दाम लवकर गेले. पण बुवांच्या आख्यानात एका भक्ताला उकळत्या तेलात टाकलं, आणि मला बसवेना. त्याच्यापाशी देव होता गं. तुझ्यापाशी कोण होतं?"