धाकटीची गाय

केराबाईची गाय पहाटेपासून हंबरत होती आणि भिंतीपलीकडे तिची थोरली जाऊ कस्तुराबाई जळत होती.

गाय अशी हंबरायला लागली की मंगळवेढ्याच्या त्या रानात एकच अर्थ निघायचा, माजावर आली. वळू दाखवायचा आणि वर्षाच्या आत दारात वासरू. केराबाईचा नवरा ज्ञानू वळूवाल्याकडं गेलासुद्धा होता. शेजारची चिमाबाई हाताच्या अंतरावर उभी होती, तरी केराबाईनं तिला ही बातमी अशी ओरडून सांगितली, की ती खरी कुणासाठी आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

जावाजावा, उभा दावा. त्यात बहात्तरच्या दुष्काळात थोरलीची गाय गुरांच्या छावणीत मेली आणि धाकटीची नुसता हाडांचा सापळा होऊन का होईना, चालत घरी आली. तेव्हापासून दोन वर्षं कस्तुराबाई भिंतीवरून ती गाय बघत होती. रवंथ कशी करते, पाणी कसं एका दमात ओढते, आणि केराच्या बांगड्या वाजल्या की तिचा डावा कान कसा वळतो. त्या कानानं तर कस्तुराबाईचा जीव खाल्ला होता. मुकं जनावर, पण आपलं माणूस ओळखतं. तिच्या स्वतःच्या गोठ्यात तिला ओळखणारं कुणीच नव्हतं.

आजही ती जळायलाच उभी राहिली होती. बघता बघता मात्र तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

गाईचा आवाज बसला होता. माजाचं हंबरणं मोकळं असतं. हे घोगरं होतं, मधेच तुटणारं, जत्रेत ओरडून घसा बसलेल्या माणसासारखं. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. गाईनं बादलीत तोंड घातलं, पाणी हललं, पण एक घोट काही खाली उतरला नाही. मागचे पाय लटपटत होते. केरा तिच्या शेजारून बांगड्या वाजवत गेली. कान हलला नाही.

कस्तुराबाईच्या माहेरी एक म्हैस अशीच झाली होती. काहीतरी अडकलंय म्हणून भावानं तिच्या घशात हात घातला. पुढं तो पाण्याचा तांब्या बघून किंचाळायला लागला आणि त्यातच गेला.

म्हणजे तिला सगळं कळलं. आणि खोटं कशाला सांगायचं, कळल्यावर तिला आधी बरं वाटलं. जाऊ दे हिचीही गाय. होऊ दे एकदाची बरोबरी. ती तशीच उभी राहिली.

तेवढ्यात केराचं लक्ष लाळेकडं गेलं.

"चिमाबाय, हिच्या घशात कडब्याचं धाट अडकलंय बगा. जरा दावं धरा, हात घालून काडते." तिनं बांगड्या कोपराकडं सारल्या.

"केरे, हात घालू नगंस!" कस्तुराबाई ओरडली. आपण ओरडलो याचं तिलाच नवल वाटलं.

"का? माजी गाय गाभण ऱ्हाईल म्हून पोटात दुकतंय व्हय, आक्का?"

"ती माजावर न्हाई. पिसाळलीया ती."

"कुत्रं चावल्यालं तर कुनी बगितलं न्हाई," चिमाबाई म्हणाली.

"आवाज ऐका की तिचा. पानी गिळंना. केराच्या बांगड्या वाजल्या तरी डावा कान हलंना."

केरा गर्रकन वळली. "माज्या गाईचा डावा कान तुमाला कसा म्हाईत?"

"रोज बगते मी."

"बगताच की! बगून बगूनच ही पाळी आनली तुमी. तुमचीच दिष्ट लागली माज्या लक्षुमीला."

एवढं बोलून ती पुन्हा गाईकडं वळली. गाईचं तोंड अर्धवट उघडंच होतं. केरानं हात पुढं केला.

खरं सांगून भागलं नव्हतं. कस्तुराबाईनं भिंतीवर दोन्ही हात टेकले.

"व्हय, माजीच दिष्ट हाय! मुद्दाम लावली मी. जळत व्हते, म्हून लावली. आता त्या तोंडात जो कुनी हात घालंल, त्येच्या अंगावर उतरंल ती."

विस्तवाजवळ गेल्यासारखा केराचा हात मागं आला. चिमाबाई दावं टाकून लांब सरली.

बघता बघता गल्ली गोळा झाली. ज्ञानू वळूचं ठरवून आला, त्यानं सगळं ऐकलं आणि थोरल्या वहिनीच्या दाराकडं बघून तो थुंकला. गाईजवळ जायचं मात्र त्यालाही धाडस झालं नाही. केरा धुळीत बसून रडत होती, बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. कस्तुराबाईला त्या क्षणी तिचा भयंकर हेवा वाटला. गाय केराची, म्हणून रडणंही केराचंच. दोन वर्षं बघितली तरी थोरलीला डोळ्याला पदर लावायची सोय नव्हती.

केरा उठून भिंतीपाशी आली.

"तुज्या घरात दिवा लावायला कुनी उरनार न्हाई," ती म्हणाली आणि तिनं थोरलीच्या नावानं कडाकडा बोटं मोडली.

कस्तुराबाईला शाप ऐकूच आला नाही. ती बोटं बघत होती, एकेक करून, लाळ लागलीय का म्हणून. कोरडी होती.